लेडीज डब्याची जाळी, एक तक्रार आणि एक व्हिडिओ: प्रकरण अभ्यास

हे प्रकरण मुंबईच्या उपनगरी लोकलमधलं आहे. सगळी नावं बदलली आहेत. मार्ग, स्थानकं आणि गाडीची वेळ मुद्दाम सांगितलेली नाही, कारण खटला अजून चालू आहे आणि प्रकरणात एक अल्पवयीन मुलगी आहे. लोकलने जाणाऱ्या-येणाऱ्या बायकांना तक्रार नोंदवताना मी सोबत करते. या प्रकरणात माझा शिरकाव दुसऱ्या दिवशी झाला. त्याआधीचं जे आहे ते फिर्यादी शुभदा यांच्या तोंडून ऐकलेलं. त्यांनी आणि मुलीच्या मावशीने हा मजकूर वाचला आहे.

पार्श्वभूमी

शुभदा पंचेचाळिशीच्या. एका शाळेच्या ऑफिसात काम करतात. त्यांचा प्रवास गर्दीच्या उलट दिशेचा, त्यामुळे सकाळीसुद्धा बसायला जागा मिळते. इतर बायकांना याचा हेवा वाटतो. पण लोकलमधला त्रास गर्दीप्रमाणे रूप बदलतो. खच्चून भरलेल्या गाडीत आणि पुलाच्या जिन्यावर हात लागतात, आणि कोणाचा लागला हे कळेपर्यंत माणूस पुढे गेलेला असतो. रिकाम्या गाडीत हात लावायला कोणी येत नाही. तिथे दाखवलं जातं. समोरच्या बाईने बघावं, दचकावं, एवढंच त्या माणसाला हवं असतं, आणि त्यासाठी मोकळा डबाच सोयीचा.

काही रेकमध्ये, म्हणजे जोडलेल्या डब्यांच्या संचात, लेडीज डबा आणि शेजारचा जनरल डबा यांच्या मधे आरपार दिसणारी लोखंडी जाळी असते. रोजच्या बायका जाळीला लागून असलेल्या सीटवर सहसा बसत नाहीत. नवख्या बसतात. त्या दिवशी डब्यात सहा-सात जणी होत्या आणि जाळीजवळच्या सीटवर अकरावी-बारावीतली वाटावी अशी एक मुलगी मांडीवर सॅक घेऊन बसली होती.

घटना

शुभदा यांचं लक्ष आधी त्या माणसाकडे गेलंच नाही. गेलं ते मुलीकडे. दोन स्थानकांच्या मधे, काही कारण नसताना ती उठली, सॅक उचलली आणि समोरच्या सीटवर जाळीकडे पाठ करून बसली. कानात इअरफोन घातले. त्यांची पिन सॅकच्या कप्प्यातून बाहेर लोंबत होती, फोनला लावलेलीच नव्हती.

मग शुभदा यांनी जाळीकडे पाहिलं. पलीकडे तिशीतला एक माणूस उभा होता, पाठ आपल्या डब्याकडे, तोंड बायकांकडे. ऑफिसची बॅग अशी धरलेली की त्याच्या डब्यातल्या कोणाला काही दिसू नये आणि इकडच्यांना सगळं दिसावं. तो काय करत होता हे फिर्यादीत नीट लिहिलेलं आहे, इथे त्याची गरज नाही.

शुभदा उठून मुलगी आणि जाळी यांच्या मधे उभ्या राहिल्या आणि जोरात ओरडल्या, ‘ए, काय चाललंय? शरम आहे का?’ त्या माणसाने कपडे सावरले आणि दाराकडे सरकला. रेश्मा नावाच्या तरुणीने एव्हाना फोन काढून चित्रण सुरू केलं होतं. रिकामी टोपली घेऊन बाजारातून परतणाऱ्या पारूबाई म्हणाल्या, ‘जाऊ दे गं बाई, उतरेल आता. तोंडी लागू नको असल्यांच्या.’

पुढच्या स्थानकावर तो उतरला आणि पुलाच्या दिशेने चालता झाला.

अडचण नेमकी कुठे होती

माणूस निघून गेला, कोणाला हात लावला नाही, आणि जिला सगळ्यात जास्त भोगावं लागलं ती मुलगी काही बोलायला तयार नव्हती. बहुतेक तक्रारी इथेच संपतात. ‘पकडला असता तर केली असती’ हे वाक्य मी फार वेळा ऐकलं आहे. पकडणं आणि तक्रार नोंदवणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसरं आपलं, पहिलं पोलिसांचं. अज्ञात माणसाविरुद्ध गुन्हा नोंदवता येतो, रोज नोंदवला जातो.

मुलीची अडचण खरी होती. शुभदा तिच्या शेजारी जाऊन बसल्या तेव्हा तिने एवढंच म्हटलं, ‘काकू, प्लीज घरी कळू देऊ नका. पप्पा कॉलेज बंद करतील.’ यात काही अतिशयोक्ती नव्हती. अशा घरांत चूक कोणाचीही असो, पास मुलीचाच बंद होतो.

दुसऱ्या बाजूला कायदा. मुलगी अठराच्या आतली असेल तर हे प्रकरण बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, २०१२, म्हणजे पोक्सोखाली येतं. त्याच्या कलम ११ मध्ये मुलाला दिसावं या हेतूने शरीराचा भाग दाखवणं हा लैंगिक छळ आहे. कलम १२ प्रमाणे त्याला ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आणि कलम १९ म्हणतं की असा गुन्हा घडल्याचं ज्याला माहीत आहे त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे. न कळवणं हाही गुन्हा आहे. म्हणजे ‘मुलगी नको म्हणाली म्हणून सोडून दिलं’ हा मार्ग शुभदा यांच्यापुढे मुळात खुला नव्हता. गाडीत त्यांना हे कलम ठाऊक नव्हतं, पण शाळेत नोकरी असल्यामुळे ‘लहान मुलीसमोर झालंय, मला गप्प बसता येणार नाही’ एवढी जाण होती.

गाडीत काय काय करता आलं असतं

साखळी ओढणं हा सगळ्यांच्या मनात पहिला येणारा उपाय. शुभदा यांनी ओढली नाही आणि माझ्या मते बरोबर केलं. लोकलला पुढचं स्थानक काही मिनिटांवर असतं. मधेच गाडी थांबली तर आरोपी रुळांवर उडी मारून पळतो, किंवा त्याच्या मागे दुसरं कोणी उडी मारतं. गाडी फलाटाला लागलेली असेल आणि माणूस डोळ्यासमोर असेल तर गोष्ट वेगळी.

काही डब्यांत गार्डशी बोलण्यासाठी टॉकबॅकचं बटण असतं. त्या डब्यात ते होतं की नाही, हे नंतरही कोणाला आठवेना. रोज त्याच डब्यातून जाणाऱ्या सहा बायकांपैकी एकीलाही नाही.

ओरडण्याबद्दल दोन मतं आहेत. तपास अधिकाऱ्यांनी शुभदा यांना सांगितलं की ओरडला नसतात तर तो तिथेच उभा राहिला असता आणि पुढच्या स्थानकावर रेल्वे सुरक्षा बलाचा जवान आला असता. असेलही. पण तोवर ती मुलगी तिथेच बसून राहिली असती. आधी त्रास थांबवायचा, माणूस सापडणं नंतर, हा क्रम मला बदलावासा वाटत नाही.

पलीकडच्या जनरल डब्यातल्या पुरुषांना हाक मारायची का, हाही प्रश्न होता. तिथे दोघं-तिघं होते. शुभदा यांनी टाळलं, कारण अशा वेळी लोक माणसाला धुऊन काढतात. मग मारहाणीची उलट तक्रार येते, आणि मूळ गोष्ट बाजूला राहून ‘पब्लिकने चोप दिला’ एवढीच बातमी उरते.

शेवटी त्यांनी १३९ लावला. रेल्वे सुरक्षा बलाचा जुना १८२ हा क्रमांक २०२१ मध्ये याच हेल्पलाइनमध्ये सामावला, तरी लोकांच्या डोक्यात अजून तो जुनाच आहे, आणि रेश्माने आधी तोच लावून वेळ घालवला होता. १३९ वर सुरक्षेचा पर्याय निवडला की माणूस फोनवर येतो. लोहमार्ग पोलिसांचा स्वतंत्र क्रमांक १५१२ आहे आणि कुठलाच आठवला नाही तर ११२ आहेच.

फोनवर पहिला प्रश्न आला: गाडीचा नंबर काय? लोकलने जाणाऱ्याला गाडीचा नंबर कुठून ठाऊक असणार. त्याला ठाऊक असते वेळ. शुभदा यांनी सुटायचं स्थानक, शेवटचं स्थानक, सुटण्याची वेळ, स्लो की फास्ट, आणि नुकतंच कुठलं स्टेशन गेलं ते सांगितलं. मग डब्यात आतल्या बाजूला रंगवलेला कोच क्रमांक वाचून दाखवला. तो पुढे सगळ्यात कामाला आला. रेक दिवसभर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत असतो. ‘अमुक वाजताच्या गाडीचा लेडीज डबा’ एवढ्यावर कॅमेऱ्याचं चित्रण शोधायला निघालं तर आधी त्या फेरीला कुठला रेक होता ते काढावं लागतं. कोच क्रमांक असला की हा फेरा वाचतो. आणि चित्रण कायमचं साठवलेलं नसतं, काही काळाने पुसलं जातं, त्यामुळे वाचलेल्या प्रत्येक दिवसाला किंमत असते.

बोलता बोलता त्यांनी तिकिटाच्या मागच्या बाजूला लिहून ठेवलं: निळा चौकड्यांचा शर्ट, काळी बॅग, बॅगेला लाल रिबिनीचं ओळखपत्र, डाव्या हातात कडं, उतरल्यावर पुलाकडे. चेहऱ्याचं वर्णन लोक ‘सावळासा, मध्यम उंचीचा’ असं करतात आणि त्याने काही साध्य होत नाही. बॅग, चपला, कडं या गोष्टी कॅमेऱ्यात सापडतात.

स्थानकावरचा पहिला निर्णय

दोन स्थानकं पुढे रेल्वे सुरक्षा बलाचा जवान डब्यासमोर उभा होता. फोन करून दहा मिनिटंही झाली नव्हती. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण ‘कोणी येत नाही’ हे गृहीत धरूनच बायका फोन करत नाहीत.

जवान समजूतदार होता. त्याने शुभदा आणि मुलीला चौकीत बसवलं, पाणी दिलं. रेश्माला पुढे कामावर जायचं होतं, तिने आपला नंबर दिला आणि ती गेली. मग जवानाने सुचवलं, ‘मॅडम, आत्ता एक अर्ज देऊन जा. माणूस सापडला की आम्ही १४५ लावू.’

हा १४५ काय आहे ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. रेल्वेत दोन पोलीस असतात. रेल्वे सुरक्षा बल केंद्राचं, आणि लोहमार्ग पोलीस राज्याचे. सुरक्षा बल रेल्वे अधिनियम, १९८९ खाली कारवाई करू शकतं. त्यातलं कलम १४५ दारू पिऊन गोंधळ, उपद्रव, असभ्य वर्तन, शिवीगाळ यांच्यासाठी आहे: ६ महिन्यांपर्यंत कैद आणि ५०० रुपयांपर्यंत दंड. नुसता पुरुष लेडीज डब्यात शिरला असेल तर कलम १६२. अशी प्रकरणं रेल्वे न्यायालयात झटपट निकाली निघतात आणि पहिल्या वेळी बहुधा दंडावर भागतं. भारतीय न्याय संहितेखालचा गुन्हा नोंदवायचा असेल तर मात्र लोहमार्ग पोलिसांकडे जावं लागतं.

सुरक्षा बलाला अर्ज देऊन निघायचं, की लोहमार्ग पोलिसांच्या ठाण्यात जाऊन गुन्हा नोंदवायचा? पहिल्याला अर्धा तास, दुसऱ्याला सगळा दिवस. कलम १४५ कुचकामी आहे असं मी म्हणणार नाही. दारात उभं राहून अचकट-विचकट बोलणाऱ्या टोळक्याला त्याच दिवशी दंड होणं अनेकदा पुरतं. पण इथे मुलगी होती. तिच्यासमोर घडलेली गोष्ट पाचशे रुपयांच्या उपद्रवात बसवणं शुभदा यांना पटलं नाही. त्यांनी शाळेत रजा कळवली.

मुलीचं काय करायचं

माझ्या मते प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय इथे झाला, आणि तो कायद्याचं पुस्तक न उघडता झाला. शुभदा मुलीला म्हणाल्या, ‘हे बघ, तक्रार मी करतेय. माझ्या नावाने, मी जे पाहिलं त्याची. तुझ्यावर काही टाकत नाहीये. पण तू तिथे होतीस हे मला लपवता येणार नाही. घरातलं असं कोण आहे जे तुला ओरडणार नाही?’

मुलीने वडिलांचा नाही, मावशीचा नंबर दिला. मावशी तासाभरात आली.

हे कायद्यातही बसतं. पोक्सोच्या कलम २६ प्रमाणे मुलाचा जबाब आई-वडिलांच्या किंवा ज्याच्यावर मुलाचा विश्वास आहे अशा दुसऱ्या व्यक्तीच्या उपस्थितीत घेता येतो. कलम २४ प्रमाणे तो मुलाच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी घ्यायचा, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, आणि गणवेश न घालता. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीचा जबाब दोन दिवसांनी मावशीच्या घरी झाला. महिला अधिकारी पंजाबी ड्रेसमध्ये आल्या होत्या, आणि मावशीच्या शेजारणीला त्या विमा एजंट वाटल्या.

ठाण्यात

लोहमार्ग पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदारांनी दोन गोष्टी विचारल्या. पहिली: ‘घटना कुठल्या दोन स्टेशनांच्या मधे झाली?’ आणि उत्तर ऐकून, ‘मग ते आमच्या हद्दीत येत नाही.’ भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र, म्हणजे पोलीस न्यायालयाला न विचारता तपास करू शकतात अशा गुन्ह्याची खबर हद्द न पाहता कुठल्याही ठाण्यात देता येते. शून्य क्रमांकाने नोंद होऊन कागद योग्य ठाण्याकडे जातात. शुभदा यांना कलम माहीत नव्हतं. ‘तुम्ही शून्याने घ्या आणि पाठवा तिकडे’ हे वाक्य माहीत होतं. तेवढ्यावर काम झालं.

दुसरा प्रश्न साधा वाटतो आणि तिथेच तक्रारी ढिल्या पडतात. ‘तुमच्याशी काही केलं का त्याने?’

शुभदा म्हणाल्या, ‘माझ्याशी नाही हो.’

त्यांच्या मनात मुलगी होती, म्हणून उत्तर तसं आलं. पण त्या उत्तराने त्या नुसत्या बघ्या ठरत होत्या, आणि सगळी तक्रार जिला यात पडायचं नव्हतं तिच्या एकटीच्या जबाबावर जाऊन बसत होती. नशिबाने लिहून घेणाऱ्या महिला उपनिरीक्षकांनी पुन्हा विचारलं, ‘म्हणजे तुम्हाला दिसत होतं का? तुमच्याकडे तोंड होतं का?’ होतं. डब्यातल्या सगळ्यांकडे होतं. मग फिर्यादीत आलं की आरोपीने लेडीज डब्यातल्या महिलांना, त्यात फिर्यादीला, दिसेल अशा रीतीने कृत्य केलं. या एका ओळीने भारतीय न्याय संहितेचं कलम ७९, म्हणजे स्त्रीच्या विनयाचा अपमान करण्यासाठी केलेली कृती, शुभदा यांच्या स्वतःच्या बाबतीत लागू झालं. त्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. नुसतं कलम २९६, सार्वजनिक ठिकाणचं अश्लील कृत्य, लागलं असतं तर कमाल ३ महिने कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दोन्ही लावली गेली, आणि मुलीचं वय कागदावर आल्यावर पोक्सोचं कलम १२.

मुलगी उद्या साक्षीला उभी राहिली नाही तरी शुभदा यांची फिर्याद आपल्या पायावर उभी राहील, अशी बांधणी इथे झाली. मोठ्या माणसाने लहानाच्या वतीने तक्रार करताना हे आवर्जून बघावं: मी स्वतः काय पाहिलं, माझ्यासमोर काय झालं. ‘तिने मला सांगितलं’ यापेक्षा ‘मी बघितलं’ला वजन आहे.

फिर्यादीची प्रत मोफत मिळते. ती शुभदा यांनी मागून घेतली आणि ठाण्यातून निघण्याआधी बाकावर बसून वाचली. कोच क्रमांकातला एक आकडा चुकला होता. दुरुस्त करून घेतला.

व्हिडिओ

रेश्माने दुपारी तो व्हिडिओ आपल्या गाडीच्या बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. हेतू चांगला होता: सगळ्यांनी सावध राहावं, कोणाला ओळखता आलं तर बरं. संध्याकाळपर्यंत तो तीन-चार ग्रुपवर फिरला. मी दुसऱ्या दिवशी पाहिला तेव्हा त्याच्यावर लाल गोल आणि ‘याला ओळखा’ असं लिहिलेलं होतं. एका कोपऱ्यात मुलीचा अर्धा चेहरा आणि कॉलेजची सॅक स्पष्ट दिसत होती.

इथून तीन त्रास सुरू झाले. मुलीची ओळख उघड होणं हा पोक्सोच्या कलम २३ च्या आड येणारा विषय, त्यामुळे ग्रुपच्या ॲडमिनना फोन करकरून व्हिडिओ काढायला लावावा लागला. सगळीकडून निघाला असेल असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. मुलीच्या वर्गात तो पोचला नाही, एवढं मावशीकडून कळलं.

दुसरा त्रास पुराव्याचा. व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत दाबलेली असते, मूळ तारीख-वेळेचा तपशील तिच्यात राहत नाही. मूळ फाईल रेश्माच्या फोनमध्ये होती हे नशीब. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी आणि तपासणीसाठी फोन काही दिवस पोलिसांकडे राहिला. फोनवरच कामाच्या ऑर्डर घेणाऱ्या मुलीला हे परवडणारं नव्हतं. तिने रागारागात म्हटलं, ‘पुढच्या वेळी मी खिडकीबाहेर बघेन.’

तिसरा त्रास कोणाच्या ध्यानीमनी नव्हता. आरोपी सापडला तेव्हा ओळख परेडचा प्रश्न आला. परेडमध्ये आरोपीला त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या माणसांत उभं करतात आणि साक्षीदाराने आठवणीतून ओळखायचं असतं. अटकेनंतर पोलीस आरोपीचा चेहरा काळ्या कपड्याने झाकतात तो यासाठीच. लोकांना वाटतं त्याची अब्रू जपतात. साक्षीदाराने आधीच फोटो पाहिला असेल तर बचाव पक्ष सरळ म्हणतो, ‘यांनी माणूस नाही, व्हिडिओ ओळखला.’ शुभदा यांनी तो व्हिडिओ अनेकदा पाहिला होता. ग्रुपमधल्या बाकीच्या दोघींनीही. रेश्माने तर काढलाच होता. ज्यांनी तो पाहिलाच नव्हता अशांत पहिली होती ती मुलगी. जिच्यावर भार येऊ नये म्हणून एवढी काळजी घेतली, ओळखीचा भार फिरून तिच्याचकडे चालला होता.

तेव्हा पारूबाई आठवल्या. त्यांच्याकडे बटणांचा फोन. ग्रुप नाही, व्हिडिओ नाही. त्या रोज त्याच गाडीने टोपली घेऊन परततात, त्यामुळे शोधायला त्रास झाला नाही. मनधरणी करायला झाला. ‘मी तर म्हटलं होतं जाऊ दे,’ त्या म्हणाल्या. मग जरा वेळाने, ‘पण बघितलं होतं मी त्याला, चांगलं दोन-तीनदा. याच्या आधीपण.’

आधीही बघितलं होतं, हे त्यांनी तोवर कोणालाच सांगितलं नव्हतं. कोणी विचारलंही नव्हतं.

परिणाम

माणूस उतरला त्या स्थानकाच्या कॅमेऱ्यात पुलावरून जाताना तो दिसला, बॅगेची लाल रिबीन आणि कड्यामुळे. साध्या वेशातल्या पोलिसांनी त्या वेळेला त्या पुलावर थांबायला सुरुवात केली आणि तिसऱ्या आठवड्यात तो सापडला. नोकरीवर जाणारा, पासधारक, रोजचा प्रवासी. तो परेडपर्यंत न्यायालयीन कोठडीत होता, नंतर जामिनावर सुटला. परेडमध्ये पारूबाईंनी त्याला ओळखलं. मुलीला परेडला बोलावण्याची वेळ आली नाही.

दोषारोपपत्र दाखल झालं आहे आणि खटला विशेष न्यायालयात आहे. पोक्सोखाली मुलाची साक्ष न्यायालयाने दखल घेतल्यापासून ३० दिवसांत आणि खटला शक्यतो वर्षात संपवायचा असतो. तारखा मात्र त्यापेक्षा सावकाश पडत आहेत. मुलीची साक्ष व्हायची आहे. साक्षीच्या वेळी आरोपी तिच्या नजरेसमोर येणार नाही अशी व्यवस्था न्यायालयाने करायची असते, हे मावशीला समजावून सांगितल्यावर तिचा धीर बराच वाढला.

घरी कळलंच. समन्स कॉलेजच्या नोंदीतल्या पत्त्यावर, म्हणजे वडिलांच्या हाती गेलं. दोन दिवस घरात वादळ झालं. मावशीने मधे पडून निभावलं. कॉलेज बंद झालं नाही, वडील काही महिने स्टेशनपर्यंत सोडायला येत राहिले.

काय वेगळं करता आलं असतं

व्हिडिओ काढण्यात चूक नव्हती. कॅमेऱ्याच्या आधारावर माणूस सापडला असला तरी कृत्य काय होतं हे रेश्माच्या व्हिडिओतच आहे. तो न कापता, त्यावर काही न लिहिता फोनमध्ये तसाच ठेवून फक्त पोलिसांना द्यायला हवा होता. ग्रुपवर सावधगिरीचा इशारा द्यायचा तर शब्दांत देता येतो: अमुक वाजताची गाडी, जाळीजवळ बसू नका, तक्रार नोंदवली आहे. माणसाचा चेहरा त्यात लागत नाही. ‘चेहरा दाखवला नसता तर कोणी गांभीर्याने घेतलं असतं का?’ हे रेश्माचं म्हणणं मी ऐकून घेतलं. तिच्या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही, पण परेडच्या वेळी जी धावपळ झाली ती पाहता मी माझ्या मताला चिकटून आहे.

समन्सचा पत्ता जबाब घेतानाच मावशीचा लिहून घ्यायला हवा होता, आणि त्या वेळी तिथे मी होते, पोलीस होते, मावशी होती. नाहीतर वडिलांना नंतर समन्समधून कळण्यापेक्षा पहिल्या आठवड्यात मावशीच्या तोंडून कळू द्यायला हवं होतं. यातलं कुठलं बरं, यावर मावशीचं आणि माझं आजही एकमत नाही.

साक्षीदार गोळा करण्याच्या बाबतीत सगळ्यांचा भर बोलक्या बायकांवर होता. गाडीतून उतरताना शुभदा यांनी पारूबाईंचं नाव आणि उतरण्याचं स्टेशन विचारून ठेवलं असतं तर तीन आठवडे वाचले असते. ‘जाऊ दे’ म्हणणाऱ्या बाईने काहीच पाहिलेलं नसतं, असं का धरून चालतो आपण?

तपासाची खबरबात हा आणखी एक मुद्दा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ प्रमाणे तपास कुठवर आला हे पोलिसांनी ९० दिवसांत फिर्यादीला किंवा पीडितेला कळवायचं असतं. इथे आपणहून कोणी कळवलं नाही. शुभदा यांनी गुन्हा क्रमांक घालून एक छोटा अर्ज दिला, पोच घेतली, आणि त्यानंतर फोन येऊ लागले.

सध्याचा प्रश्न पारूबाईंचा आहे. साक्षीच्या दिवशी त्यांचा धंदा बुडणार. न्यायालयाकडून साक्षीदाराला प्रवासखर्च आणि भत्ता मागता येतो, तो अर्ज आम्ही तयार ठेवला आहे. समन्स त्यांना वाचता येत नाही, म्हणून त्यांच्या नंबरासोबत शुभदा यांचा नंबरही ठाण्यात लिहून दिला आहे. तारीख लागली की दोघी एकत्र जाणार आहेत.